गुडघ्याखालची चार पानं

बेलवली, बदलापूर (प.)
७ जानेवारी १९९६

ती. शिवराममामांस,
शालनचा जय भीम.

पाकीट बघून घाबरू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. आईची कंबर दुखते, पण ती काय रोजचीच.

मी एक उपद्व्याप करून ठेवलाय. सिंधी वस्तीत, कॅम्प दोनमधल्या ज्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवते ना, तिथे दुपारी एक ते तीन बॅच नसते. त्या दोन तासांत मी गेले आठ महिने पत्त्यांचा खेळ बनवतेय. हसू नका, सांगते. पडद्यावर पानं दिसतात, आपण बटण दाबलं की आपलं पान पडतं, आणि बाकीचे तीन खेळाडू म्हणजे कॉम्प्युटरच. मशीनबरोबर इंग्रजी पत्ते येतात ते एकट्याने मांडत बसायचे. म्हटलं, आपला मेंढीकोट का नको? चौघं जण, समोरासमोर भिडू, चार दश्श्या पकडल्या की कोट. पोराटोरांनाही येतो.

क्लासचे मालक परसराम सेठ. त्यांना भीत भीत दाखवला तर म्हणाले, "बेटी, ये तो धंदे की चीज है!" आता चेटीचंडाला, म्हणजे सिंधी लोकांच्या नवीन वर्षाला, नमुना म्हणून पंचवीस फ्लॉप्या वाटायच्या ठरल्यात. त्यात फक्त दहा डाव खेळता येतील. लोकांना पटला तर मग पूर्ण खेळ करायचा आणि विकायचा. नाही पटला तर शालनबाईंनी गपचूप टायपिंग शिकवायचं.

घोडं एकाच जागी अडलंय. माझा कॉम्प्युटर गाढवासारखा खेळतो. सांगू तेवढंच त्याला कळतं आणि मला येतो तो लग्नघरातला मेंढीकोट. अख्ख्या अंबरनाथ एमआयडीसीत तुमच्यासारखा भिडू नव्हता, असं आई सांगते. तर मामा, तुम्ही जसा खेळायचात तसा मला लिहून पाठवा. अगदी पहिल्या नियमापासून. मला काहीच येत नाही असं समजून लिहा, ते तसं खरंच आहे.

मामींना नमस्कार.
तुमची,
शालन


माणगाव
१९ जानेवारी १९९६

चि. शालनस,
मामाचा जय भीम आणि आशीर्वाद.

शाब्बास. पत्ते खेळतो म्हणून आमच्या बापाने मला चिंचेला बांधून घातला होता, आणि नात पगार घेऊन पत्ते बनवते! बापाला वर तुला कुठे ठेवू असं झालं असेल.

पण तू चुकीच्या माणसाला धरलंस. मी पत्त्यांना हात लावला त्याला यंदा आठ वर्षं होतील. इथे पारावर पोरं बोलावतात, मी जात नाही. मेंढीकोट एकट्याचा खेळ नव्हे, समोर आपला भिडू लागतो. माझा भिडू हिरामण. जावसई गावचा, कंपनीत आमच्याच पत्रे दाबायच्या प्रेस खात्यातला. तू लहानपणी पाहिला असशील, मोठ्या मिशांचा. अठ्ठ्याऐंशी सालापासून आमचं बोलणं बंद आहे. कारण विचारू नकोस, चूक माझी आहे एवढं समज. डोळे मिटायच्या आत एकदा त्याच्यासमोर बसून डाव टाकावा, एवढं एकच मागणं उरलंय माझं. पण त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?

असो. तुझं काम अडायला नको. वहीची आठ पानं जोडली आहेत, नियमांना नंबर घातले आहेत. ओळीने वाच. पहिले पाच तुला येतात. सहावा नीट बघ: 'वाटून झाल्यावर प्रत्येकाने तेरापैकी चार पानं गुडघ्याखाली ठेवायची. नऊ पानांवर खेळायचं. चार हात झाले की खालची उचलायची. तोवर ती नाहीतच असं समजायचं.' कुठली चार ठेवायची यात निम्मा खेळ आहे. दश्शी खाली ठेवावी की हातात, हे मी सातव्यात लिहिलंय. आणि तुझ्या कॉम्प्युटरला सांग, हुकूम आहे म्हणून लगेच कापायला धावायचं नाही. भिडूवर भरवसा ठेवायचा.

माझं नाव कुठे घालू नकोस.

तुझा मामा


बेलवली
२५ फेब्रुवारी १९९६

ती. मामांस,
जय भीम.

नाव घालू नकोस म्हणालात. घातलं. आता काय करता?

पडद्यावर खाली आपण बसतो, आणि बरोब्बर समोर भिडू, त्याच्या डोक्यावर इंग्रजीत लिहिलंय शिवराम. डावीकडे सदू, उजवीकडे बबन. ही दोन नावं तुमच्या नियमांतच सापडली, 'सदू असा घाई करायचा', 'बबन रडीचा डाव खेळायचा'. मग त्यांना तसंच खेळायला लावलं. मामा, बबन खरंच रडीचा खेळतो हो! तुमच्या सातव्या नियमाने मला तीन आठवडे रडवलं, पण आता शिवराम दश्शी अशी दडवतो की मीच हरते.

आणि तो सहावा नियम! मी चाटच पडले. असं कधी ऐकलं नव्हतं. खाली चार पानं उलटी पडलेली दिसतात, चार हात होईपर्यंत जीव नुसता खालीवर. हे डोकं कुणाचं?

हिरामणकाका मला आठवतात, मिशा आठवतात. एक हात कायम खिशात असायचा ना त्यांचा? जावसई इथून किती लांब आहे, अर्धा तास. जाऊ का मी? कारण नाही विचारत, फक्त जाते. 'मामांनी विचारलंय' एवढंच म्हणेन.

शालन


माणगाव
४ मार्च १९९६

चि. शालन,

अजिबात जायचं नाही. माझं गाऱ्हाणं भाचीने मांडायचं, एवढा मी म्हातारा झालो नाही. आणि त्याने तुला दारातून परत पाठवलं तर ते मला सोसणार नाही.

नाव काढून टाक. खेळाला यश येवो.

मामा


बेलवली
२४ मार्च १९९६

ती. मामांस,
जय भीम.

नाव काढलं नाही, आणि फ्लॉप्या वाटून झाल्या. आता पश्चात्ताप करून उपयोग नाही.

चेटीचंडाच्या दिवशी सेठनी क्लासच्या दारात मशीन मांडलं, झेंडूची माळ घातली, येणाऱ्या-जाणाऱ्याला गोड भात. अर्ध्या तासात ही गर्दी! फर्निचरवाले, जीन्स शिवणारे, दुकानातले लोक खांद्यावरून डोकी घालून बघतायत. पहिला डाव वाटला, चार पानं आपोआप खाली गेली, आणि जो काही गोंधळ उडाला! "अरे मेरा पत्ता किधर गया?" "मशीन चोर है!" मी घसा फोडून सांगतेय, गायब नाही झाली, नियम आहे नियम. एक आजोबा म्हणाले, "पोरी, साठ वर्षं मेंढीकोट खेळतोय, हा नियम कुठून आणलास?" दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्यानेही. मामा, त्या गर्दीत एकालाही हा नियम माहीत नव्हता. एकालाही! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सेठ तसे चांगले आहेत, पण संध्याकाळी म्हणाले, "बेटी, पब्लिक को जो आता है वही दो." शेवटी मधला मार्ग काढला. नवीन फ्लॉपीत डाव सुरू होताना कॉम्प्युटर विचारतो, चार पानं खाली ठेवायची? वाय दाबा नाहीतर एन दाबा. एन दाबलं की तेराच्या तेरा हातात. जुन्या पंचवीस मात्र गेल्या त्या गेल्या. त्यांच्या कॉप्या कुठे कुठे जातील देव जाणे.

रागावले नाही, पण खरं सांगा. हा नियम कुठला?

शालन


माणगाव
१ एप्रिल १९९६

चि. शालन,

तुझं पत्र ओटीवर बसून तीनदा वाचलं. तुझ्या मामीने दोनदा जेवायला हाक मारली.

पोरी, माफ कर. हा नियम कुठलाच नाही. आमचा आहे. लिहिताना माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही की बाहेर कुणी असं खेळत नसेल.

एकोणऐंशी साली प्रेस खाली आली आणि हिरामणच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. दीड महिन्याने कामावर आला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याला डावात ओढलं, पण तीन बोटांत तेरा पानं मावतात का? सारखी गळायची. गडी घामाघूम झाला. शेवटी चार पानं त्याने गुपचूप गुडघ्याखाली सरकवली आणि मान वर करेना. मग मीही माझी चार खाली ठेवली. मला बघून सदूने, सदूला बघून बबनने. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. नंतर खात्यात नवीन आलेली माणसं तोच नियम शिकली. नऊ वर्षं रोज तसंच खेळलो. आता मला तोच मेंढीकोट आठवतो, बाई.

तुझं नुकसान झालं. वाय-एन केलंस ते बरं केलंस. लोकांना नको असेल तर पुरताच काढून टाक. दोन बोटं नसलेला माणूस तुझ्या कॉम्प्युटरवर कशाला येतोय खेळायला.

मामा


बेलवली
२१ एप्रिल १९९६

ती. मामांस,
जय भीम.

बसून वाचा. मामींना जवळ बोलवा.

आले होते.

काल दुपारी दीड वाजता मी एकटीच मशीनवर. दारात एक गृहस्थ, खाकी वॉचमनचा ड्रेस, मिशा पांढऱ्या, डावा हात खिशात. म्हणाले, "तो पत्त्यांचा खेळ हितंच बनतो का?" मी हो म्हटलं. ते एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या गेटवर आहेत. तिथल्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर आहे, तिथल्या क्लार्ककडे आपल्या पहिल्या पंचवीसमधल्या कुठल्याशा फ्लॉपीची कॉपी आली होती. यांनी मागे उभं राहून बघितलं. मला विचारलं, "गुडघ्याखालची पानं कुनी सांगितली तुला?"

मामा, मी काय बोलणार होते? तुम्ही जाऊ नकोस म्हणालात, येणाऱ्याला हाकल असं कुठे म्हणालात? म्हटलं, माझ्या मामांनी. ते आत आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "लाव."

मी नवीन फ्लॉपी लावली. कॉम्प्युटरने विचारलं, वाय की एन. त्यांनी विचारलं, "एन दाबला तर काय?" मी सांगितलं, तेरा पानं हातातच राहतात. बटणावर बोट धरून किती तरी वेळ थांबले. मग म्हणाले, "ते नको," आणि वाय दाबलं.

दहाच्या दहा डाव खेळले. समोर तुमचं नाव. एकदा दोघांनी मिळून सदू-बबनवर कोट चढवला तेव्हा मिशीत हसले, मी पाहिलं. अकराव्या डावाला पडद्यावर 'नमुना संपला, पुढचा खेळ तयार होत आहे' असं आलं. विचारलं, "म्होरं?" म्हटलं, काका, अजून बनवायचाय. उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. तो खिशातला हात होता.

निरोप काहीच दिला नाही. तुम्ही कुठे असता तेसुद्धा विचारलं नाही. मला राहवत नाहीये, मामा. काय झालं होतं तुमच्यात? आता तरी सांगा.

शालन

ता. क. पंचवीस फ्लॉप्यांच्या कॉप्या होऊन शंभरावर गेल्यात. फर्निचर बाजारातली मंडळी नवीन फ्लॉपीवर आता मुद्दाम वाय दाबतात. मजा येते म्हणतात.


माणगाव
२७ एप्रिल १९९६

चि. शालन,

सांगतो. हे पत्र वाचून झालं की जावसईला घेऊन जा आणि त्याला दे. आता मी नाही म्हणत नाही.

अठ्ठ्याऐंशी साली कंपनीने टाळं लावलं. आम्ही दोनशे माणसं गेटसमोर बसून होतो. तीन महिने दिवसभर मेंढीकोट, दुसरं करणार काय? मालकाचं म्हणणं, हमीपत्रावर सही करा, युनियन सोडा आणि आत या. सगळ्यांनी शपथ घेतली होती की सही करायची नाही. शपथ द्यायला पुढे हिरामणच होता.

तुझ्या मामीचं, रखमाचं, पोटाचं ऑपरेशन आलं. हे खरं आहे, पण ते पुढे करून मी सुटणार नाही. मी सही केली. सकाळी ऑफिसच्या मागच्या दाराने जाऊन केली, आणि कागद खिशात घालून गेटवर येऊन बसलो. हिरामणच्या समोर. म्हणाला, "वाट." मी पानं वाटली. संध्याकाळपर्यंत खेळलो त्याच्याशी. सांगता आलं असतं. तो समजून घेणारा माणूस होता, शिव्या घातल्या असत्या आणि वर ऑपरेशनला येऊन बसला असता. नाही सांगितलं. भ्यालो.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोरून आत गेलो. त्याने नुसतं बघितलं. त्यानंतर तो कधी बोलला नाही आणि मी कधी गेलो नाही.

सहीचं मला इतकं वाटत नाही. आदला दिवसभर त्याच्यासमोर भिडू म्हणून बसलो आणि त्याला काही कळू दिलं नाही, ते आठ वर्षं उरावर आहे. हिरामण, मी चुकलो रे.

शिवराम


जावसई, अंबरनाथ
१२ मे १९९६

शिवराम यास,
हिरामणचा जय भीम आनि रामराम, दोनी घे.

तुजा पत्र शालनने घरी आनून दिला. चष्मा मोडलेला म्हनून तिलाच वाचाय लावला. पोर वाचताना रडली. मी नाय रडलो.

रखमावैनीचा आपरेशन मना तवाच कळला होता. सहीचा म्हनशील त तुज्यामागून चाळीस जनांनी केली, आनि चार महिन्यांनी मी पन केली. घरात पोरा उपाशी असली का शपथ कोन खातो? त्याचा राग मना कवाच नाय.

पन तू लिवतोस, मना काय कळू दिला नाय. कळला, शिवराम. त्या दिवशी सदूने चार पाना खाली ठेवली, बबनने ठेवली, मी ठेवली. तू नाय ठेवली. तेराच्या तेरा हातात धरून बसलास. मना वाटला इसरला असंल. दुसऱ्या डावाला बघितला, तेच. सांजच्यापर्यंत तेच. मी बोल्लो नाय. मना वाटला, ह्याला आता माजा हात दिसत नाय. सकाळी तू आत गेलास तवा मी मनात बोल्लो, बरोबर हाय. तेवढाच लागला मना. सही नाय लागली.

आनि आता त्या काट्याच्या केबिनमंदी बघतो त कांपुटर चार पाना खाली ठेवतो! अरे येड्या, त्याला बोटाच नाय, त्याला कशाला ठेवाय लावलीस? क्लार्क बोल्ला, काका, काय झाला? मी भायेर येऊन गेटला धरून उभा राहलो.

त्या पेटीतला शिवराम बरा खेळतो, पन कापायची घाई करतो. तू करत नव्हतास. पोरीला बोल्लो नाय, तिला वाईट वाटंल. तू येऊन सांग. सदू हाय अजून, बबन पन हाय, रडीचाच खेळतो. आंबे संपायच्या आत ये.

हिरामण


माणगाव
१७ मे १९९६

चि. शालन,

हिरामणचं पत्र आलं. तुझ्या मामीने वाचून दाखवलं, मला अक्षर दिसेना.

शपथेवर सांगतो पोरी, मला आठवत नाही. दोन दिवस तेवढंच आठवतोय. खिशातला कागद आठवतो, ऊन आठवतं, हिरामण "वाट" म्हणाला ते आठवतं. पानं खाली ठेवली की नाही ते काही केल्या आठवत नाही. म्हणजे तो म्हणतो तेच खरं. नऊ वर्षांत एक दिवस विसरलो, आणि तो दिवस हाच.

पुढच्या शनिवारच्या एसटीने आम्ही दोघं निघतोय. मामी तुमच्याकडे येईल, मी आधी जावसईला जाईन. आईला सांग, रागावू नको म्हणावं, जेवायची वाट बघू नको.

तुझा शिवराम कापायची घाई करतो म्हणे. ते आल्यावर दोघं मिळून बघू. पण एक काम आजच कर. ते वाय की एन विचारतेस ना, ते काढून टाक. कुणाला विचारायचं नाही. चौघांची चार-चार पानं खाली गेल्याशिवाय डाव सुरूच होता कामा नये. परसराम सेठ ओरडले तर माझं नाव सांग.

तुझा मामा